दोन मिलिमीटरची गोष्ट

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, "अजून विकली नाही?" आणि दुसरा, "पार्ट मिळतात का हो?" पहिल्याला हसून वेळ मारून नेता येते. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र भलेभले गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागतात. खाप्याचे आमचे भाऊजी त्यांतले नव्हेत. "सगळं मिळतं," ते ठणकावून सांगतात, "फक्त शोधावं लागतं." गेल्या पावसाळ्यानंतर ही शोधाची पाळी चाकांवर आली, आणि त्यांच्याबरोबर मीही त्यात ओढला गेलो.

भाऊजींची मोटार म्हणजे २००३ सालची फियाट पालिओ. ही गाडी भारतात २००१ साली आली. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी बाहेर पडल्या, त्याच कारखान्यात हिचाही जन्म. पुढे फियाटचे बिऱ्हाड पुण्याजवळ रांजणगावला हलले, आणि २०१९च्या सुमारास फियाट नावाची गाडी आपल्या देशात विकली जाणेच थांबले. गाडीची पंधरा वर्षे २०१८ साली भरली. तेव्हा तपासणी करून पाच वर्षांचे नूतनीकरण झाले, २०२३ साली पुन्हा झाले. एवढी यातायात कशाला, असे मीही विचारले होते. पण महिन्यातून दोनदा ताईला नागपूरच्या दवाखान्यात न्यायचे असते, आणि तिच्या गुडघ्यांना याच गाडीची सीट मानवते. चढता येते, उतरताही येते. यावर बोलणे खुंटले.

खापा म्हणजे कन्हान नदीच्या काठचे, कोष्ट्यांच्या मागांसाठी नावाजलेले गाव. जवळच मँगनीजची खाण. तेव्हा रस्त्याला मालमोटारींचा राबता. पावसाळ्यात रस्त्याचे काय होते ते सांगायला नको. त्या रस्त्याने पालिओच्या दोन चाकांच्या कडा अशा वाकवल्या की हवा टिकेना. पोलादी चाकाची वाकलेली कड ठोकून सरळ करता येते, आणि ती एकदा करूनही झाली होती. पण यावेळी एका चाकाला बोल्टाच्या भोकाशी बारीक चीर दिसली. तिथे ठोकाठोकी किंवा वेल्डिंग चालत नाही. चाक बदलायचे, दुसरा इलाज नाही.

आम्ही नागपुरात एका दुकानात गेलो. चकचकीत अलॉयची चाके भिंतीवर देवघरातल्या ताम्हनांसारखी मांडलेली. दुकानदार म्हणाला, "काकाजी, तुमच्या गाडीले चार भोकं, याच्यातही चार भोकं. अजून काय पाह्यजे?" त्याच्या पोऱ्याने एक चाक लावूनही दाखवले. लागले हो! दिसायलाही झकास. भाऊजींचा हात खिशाकडे गेला होता. पण त्यांची सवय अशी की खाप्याच्या मिस्त्रीला विचारल्याशिवाय ते गाडीला हवाही भरीत नाहीत. त्यांनी पैसे देण्याआधी त्याला फोन लावला. मिस्त्रीने एकच विचारले, "बोल्ट बोटानं शेवटपरेंत फिरते का?"

फिरत नव्हते. पहिला बोल्ट सुखाने गेला. बाकीचे तीन चार-पाच आटे गेले आणि अडले. पुढे पान्यानेच जात होते. "मग घेऊ नका," मिस्त्री म्हणाला, "बसते जी, पण जमत नाही."

या "बसते" आणि "जमते" मधला फरक किती? दोन मिलिमीटर! समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर, ज्याला मोटारवाले पीसीडी म्हणतात, ते पालिओला ९८ मिलिमीटर असते. दुकानातले चाक १०० मिलिमीटरचे होते. म्हणजे प्रत्येक भोक आपल्या जागेपासून एकेक मिलिमीटर सरकलेले. पहिला बोल्ट चाकाला आपल्या बाजूला ओढून घेतो आणि बाकीचे तिरके होऊन आत शिरतात. बोल्टाचे निमुळते डोके भोकात सगळीकडून टेकायला हवे, ते एकाच अंगाने टेकते. पान्याला वाटते घट्ट झाले. पण तो घट्टपणा बोल्ट वाकल्याचा असतो, चाक धरल्याचा नव्हे. मग धक्के खात खात बोल्ट सैलावतात. घराच्या दारात नव्हे, साठ-सत्तरच्या वेगाला.

मारुती ८००चे चाकही चार भोकांचेच, पण तिथे हे अंतर ११४.३ मिलिमीटर, म्हणजे साडेचार इंच. ते फियाटला लावायचे कोणाच्या मनातही येत नाही, कारण लागतच नाही. भीती असते ती जवळजवळ बरोबर असलेल्या चाकाची. त्यातून दुसरी मेख अशी की चाकाच्या मधोमधही एक भोक असते. ते हबच्या उंचवट्यावर नेमके बसावे लागते. फियाटचा हा उंचवटा ५८.१ मिलिमीटरचा. स्विफ्टचे कंपनीचे चाक १०० पीसीडीचे, पण त्याचे मधले भोक ५४.१, म्हणून ते पालिओवर चढतच नाही, हबच त्याला नकार देतो. बाजारी अलॉयला मात्र हे भोक मुद्दाम मोठे ठेवतात, कारण एकच चाक दहा गाड्यांना विकायचे असते. तो नकार देणाराच तिथे उरत नाही.

हे मोजणे काही अवघड नाही. चार भोकांच्या चाकावर एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्याच कडेपर्यंत मोजावे; मध्य शोधत बसायला नको. पाच भोके असतील तर शेजारच्या दोन भोकांतले अंतर असेच मोजून १.७ ने गुणावे. भाऊजींनी शेजारच्या शाळामास्तरांकडून व्हर्निअर आणला तेव्हा ताई म्हणाली, "फणीचे दात मोजल्याशिवाय इथला कोष्टी माग लावत नाही. तुम्हीच तेवढे आजवर बिनमोजणीचे!"

एवढ्यावर भागत नाही. चाकावर ईटी असा ठसा आणि एक आकडा असतो. चाकाची बसण्याची जागा त्याच्या मध्यरेषेपासून किती बाजूला आहे, ते तो सांगतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर येते, बेअरिंगवर भार वाढतो, मडगार्डला टायर घासतो; जास्त झाला की ते आत जाऊन दुसऱ्याच कशाला तरी घासते. आणि तेराऐवजी चौदा इंची चाक घ्यायचे तर टायरची जाडी कमी करून बाहेरचा घेर तोच राखावा लागतो. १६५/८० आर १३ टायरची उंची ५९४ मिलिमीटर. १७५/६५ आर १४ ची ५८३. एवढा फरक वेगमापक सोसतो.

दोन मिलिमीटर सामावून घेणारे सुट्या डोक्याचे बोल्टही मिळतात. चांगल्या बनावटीचे असले तर ते काम देतात म्हणे. पण ताई मागच्या सीटवर बसणार असताना ही कसरत करायला मिस्त्रीही तयार नव्हता, भाऊजीही नव्हते.

शेवटी शोध कुर्ल्यालाच पोचला. तिथे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे, आणि माझा भाचा मुंबईत नोकरीला. त्याला सांगून ठेवले: पालिओ, सिएना किंवा पेट्रा, या तिघी एकाच कुळातल्या, त्यांचीच तेरा इंची पोलादी चाके पाहा, भोकाभोवती चीर आहे का बघ, सपाट फरशीवर ठेवून डुगडुगते का बघ. तिसऱ्या रविवारी त्याला दोन मिळाली. गंजलेली, पण सरळ. ठसे मोटारीच्या जुन्या चाकांशी ताडून पाहिले, मग ट्रॅव्हल्सच्या गाडीने नागपूरला आली.

खाप्यात ती खरवडून काळा रंग देऊन बसवली. बोल्ट बोटांनी टोकापर्यंत फिरले. मिस्त्रीने मान हलवली आणि आडव्यातिडव्या क्रमाने पाना चालवला. पन्नासेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायला ये, असे बजावले. मग त्याने डिकी उघडून स्टेपनीलाही व्हर्निअर लावला.