फिट येणाऱ्या मुलाची जागा वर्गातच

गेल्या जुलैत प्रार्थनेच्या वेळी आमच्या आठवीतील एक मुलगी रांगेतच कोसळली. हातपाय झटके देत होते, डोळे वर गेले होते. कोणी चप्पल हुंगवायला धावले, कोणी कांदा मागवला आणि आम्ही स्वतः तिच्या दातांत चमचा घालण्याचा प्रयत्न केला. दीड-दोन मिनिटांत झटके थांबले. चमच्याने मात्र तिचा ओठ फाटला. तिच्या आई-वडिलांच्या संमतीने हे लिहीत आहोत, कारण त्या दिवशी झालेली इजा आजाराने नव्हे, आम्ही केली होती.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. ‘तंत्रिका तंत्र’ आम्ही पाठ केले होते. मराठीत त्यालाच चेतासंस्था म्हणतात हे या शाळेत आल्यावर कळले. दोन्ही भाषांतून आकृती काढता येते, पण प्रसंग आला तेव्हा एकही भाषा कामी आली नाही.

वास्तविक गोष्ट समजण्यासारखी आहे. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्या एकमेकींना विजेचे सूक्ष्म संदेश देतात. काही रसायने पुढच्या पेशीला चेतवतात, काही तिला आवरतात. हा तोल सुटला आणि असंख्य पेशी एकदम संदेश सोडू लागल्या की फिट येते. सुटीची घंटा होताच सगळे वर्ग एकाच दारातून बाहेर पडावेत तसे. वारंवार असे होणे म्हणजे अपस्मार, आपल्या इंदुरी बोलीत मिरगी. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरी प्रथम नोंदवल्या. तेव्हापासून शंभर वर्षे होऊन गेली, तरी आपल्याकडे अजून नजर उतरवली जाते. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय चप्पल घेऊन जाते!

शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावा असा आणखी एक प्रकार आहे. त्यात मूल पडत नाही. काही सेकंद शून्यात पाहते आणि पुन्हा लिहू लागते. दिवसातून अनेकदा असे होऊ शकते. श्रुतलेखनात मधलेच शब्द गळतात. ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून अशा किती मुलांना आम्ही बाकावर उभे केले असेल, देव जाणे.

त्या मुलीच्या आईने आजार आमच्यापासून लपवला होता. कारण विचारले तर म्हणाली, “सर, चारचौघांत कळले तर उद्या हिचे लग्न कसे व्हायचे?” हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींत मिरगीचा उल्लेख होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला. कायद्याने सोडून दिले, समाजाने अजून धरून ठेवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान आणि उपचार मिळाले तर सुमारे ७० टक्के रुग्णांना झटक्यांविना जगता येते. परंतु गोळी रोज, वेळेवर हवी. महिनाभर बरे वाटले म्हणून ती मनाने बंद करू नये. परीक्षेसाठी रात्ररात्र जागवणे अशा मुलांना घातक ठरते, हेही पालकांनी समजून घ्यावे.

काही विश्वस्तांनी विचारले, “अशा मुलाची जबाबदारी कोण घेणार?” प्रश्न गैर नाही. पण मूल घरी बसवून ती संपत नाही, फक्त आपल्या डोळ्यांआड होते. आमचे स्पष्ट मत आहे की ती शाळेनेच घ्यावी, कारण करायचे ते फार थोडे आहे. घड्याळ पाहायचे. आजूबाजूची बाके सरकवायची, डोक्याखाली दप्तर किंवा शाल ठेवायची, मुलाला कुशीवर वळवायचे. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काहीही घालायचे नाही, पाणीसुद्धा नाही. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरा आला, तर तडक दवाखाना.

येत्या सत्रापासून प्रवेश अर्जासोबत एक बंद पाकीट देऊ. त्यात आजार, औषध आणि डॉक्टरांचा फोन नंबर लिहून द्यावा. ते आमच्या कपाटात राहील आणि वर्गशिक्षकांशिवाय कोणी पाहणार नाही. ती मुलगी आता नववीत आहे, आणि कबड्डीच्या संघातही. तिच्या वर्गातील मुलींना कुशीवर कसे वळवायचे हे आमच्यापेक्षा चांगले येते.