एक ओळ बदलली, कार्ड बदललं: डिजिटल कार्डाचे मालक आपण की कंपनी?

'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळात 'ल्युमिनार्क अ‍ॅस्पिरंट' नावाचं एक क्रीचर कार्ड आहे. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या 'झेंडिकार रायझिंग' सेटमधलं. दोन माना खर्च, ताकद १/१, दिसायला अगदी साधं. पण तुमच्या प्रत्येक टर्नला लढाई सुरू होताना ते तुमच्या एका क्रीचरवर +१/+१ काउंटर ठेवतं, बहुतेक वेळा स्वतःवरच. म्हणजे दुसऱ्या टर्नला टाकलं की लगेच २/२, आणि पुढच्या टर्नला हल्ला करताना ३/३. समोरच्याने वेळेत मारलं नाही, तर संपलंच.

डिसेंबर २०२१ मध्ये 'मॅजिक अरेना' या डिजिटल आवृत्तीत 'अल्केमी' हा फॉरमॅट आला आणि त्यात या कार्डाची एक ओळ बदलली. काउंटर आता लढाईच्या सुरुवातीला नाही, टर्नच्या शेवटी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण प्रत्येक हल्ला एका आकड्याने कमी झाला.

कागदी कार्डाचं असं करता येत नाही. छापलं ते छापलं. फार झालं तर कंपनी स्पर्धेत त्यावर बंदी घालते. डिजिटलमध्ये काय होतं? मी रोज बॅकएंडवर काम करतो, त्यामुळे हे चित्र मला ओळखीचं वाटतं. ढोबळमानाने, तुमचं कलेक्शन म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदी: हा युजर, हा कार्ड-आयडी, इतक्या प्रती. कार्ड काय करतं ते तिथे नसतंच, ते सर्व्हरवर एकाच ठिकाणी असतं. अरेनामध्ये तर कार्डावरचं इंग्रजी वाक्य वाचून त्यातून नियमांचा कोड तयार करणारा पार्सर आहे (इंजिनिअर म्हणून मला याचं फार कौतुक आहे!). वाक्य बदललं की सगळ्यांचं कार्ड बदललं.

बदल करणं चूक आहे असं मला वाटत नाही. सरसकट बंदीपेक्षा थोडी धार कमी केलेली बरी. प्रश्न भरपाईचा आहे. 'हार्थस्टोन'मध्ये लेजंडरी कार्ड बनवायला १६०० डस्ट लागते आणि एरवी मोडलं तर ४०० मिळते. पण कंपनीने कार्ड कमजोर केलं की काही दिवस पूर्ण १६०० परत मिळते. 'पॅचेस द पायरेट'चा चार्ज २०१८ मध्ये काढला तेव्हाही हेच झालं. अरेनाने मात्र अल्केमीतल्या बदलांसाठी वाइल्डकार्ड परत दिले नाहीत. युक्तिवाद असा, की मूळ कार्ड तुमच्याकडे आहेच, ते स्टँडर्डमध्ये वापरा. ठीक आहे, पण 'हिस्टॉरिक' फॉरमॅटमध्येही बदललेलंच कार्ड लागू झालं. ज्याने फक्त हिस्टॉरिकसाठी चार रेअर वाइल्डकार्ड खर्च केले, त्याला स्टँडर्डचा काय उपयोग?

कायदेशीर बाजूने कंपनी सुरक्षित आहे, कारण अटींमध्ये आपल्याला मिळतो तो परवाना, मालकी नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल वस्तू विकताना 'खरेदी करा' असं लिहायचं असेल, तर हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. पण परवान्यात मिळालेली वस्तू नंतर बदलली तर काय, याचं उत्तर त्या कायद्यात नाही. तोवर पॅकवर पैसे टाकण्याआधी मी एकच गोष्ट बघतो: कार्ड बदललं तर हा गेम काय परत देतो?