वस्ती आपली, पण कागद कोणाचे?

कल्याणच्या दोन खोल्या आता आम्हाला पुरत नाहीत. मुलगी दहावीला, मुलगा सातवीला, आणि अब्बांना तीन जिने चढवत नाहीत. म्हणून एका रविवारी आम्ही खडवलीला घर पाहायला गेलो. कसारा लोकलने शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग खडवली. भातसा नदीचा काठ, मोकळी हवा आणि कल्याणपेक्षा कमी भाव. पाहताक्षणी मन भरले.

जागा दाखवणारे भाई आपल्यातलेच होते. मशिदीसाठी राखलेला कोपरा त्यांनी आधी दाखवला, मदरशाची जागा नंतर आणि आमचे घर कुठे होणार ते सर्वांत शेवटी. बँक नको, व्याज नको, दरमहा हप्ता थेट त्यांच्या हातात द्यायचा. आम्ही कागद मागितले तेव्हा ते हसून म्हणाले, "मास्टरसाब, सब अपने ही लोग हैं. कागज की क्या फिक्र?"

आपली माणसे शोधण्यात गैर काही नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबे मुंब्र्यात आली, ती सुरक्षिततेसाठी. आजही नाव ऐकले की "फ्लॅट कालच गेला" असे उत्तर मिळते. आपल्यापैकी अनेकांनी ते ऐकले आहे. मशीद, कब्रस्तान, अडीअडचणीला धावणारा शेजार या आपल्या खऱ्या गरजा आहेत. पण हीच गरज दाखवून आपल्याला प्रश्न विचारण्यापासून थांबवले जाते, हे आम्हाला त्या दिवशी जाणवले.

आणखी एक गोष्ट. बँक कर्ज देते तेव्हा तिचा वकील जमिनीची मालकी तपासतो. व्याज टाळण्यासाठी आपण कर्ज घेत नाही, हे उत्तम. पण मग ती तपासणी कोणीच करत नाही. ती आपणच करायला हवी.

पहिला प्रश्न सर्व्हे नंबर किंवा गट नंबरचा. त्यावरून सातबारा ऑनलाइन पाहता येतो. विकणाऱ्याचे नाव मालक म्हणून आहे का, 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचे नाव किंवा बोजा आहे का, ते वाचावे. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर सरकारी मंजुरीशिवाय ती बिगर-आदिवासीला घेता येत नाही. शेतजमीन असेल तर शेतकरी नसलेल्याला ती सहसा घेता येत नाही. जमिनीचा बिगरशेती वापर अधिकृत असल्याचा कागद मागावा. ग्रामपंचायतीची घरपट्टी पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध घ्यावा. त्याची फी हप्त्यापुढे काहीच नाही.

ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी लागते. प्लॉट पाडून विकणाऱ्यांनाही हा नियम आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पण नुसत्या महारेरा क्रमांकावर विसंबू नये. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून तो क्रमांक मिळवला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला आणि आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेली कुटुंबे हवालदिल झाली. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत घेऊन, ती ज्या कार्यालयाने दिली तिथेच जाऊन खरी की खोटी विचारावे.

मग गाव पाहावे. टिटवाळ्यापर्यंत लोकल बऱ्याच आहेत. त्यापुढे त्या कमी होतात. एक चुकली की पुढचीची वाट पाहावी लागते. कॉलेजला जाणारी मुलगी रात्री कोणत्या गाडीने परतेल, ते वेळापत्रक समोर ठेवून ठरवावे. पावसाळ्यात एकदा मुद्दाम जावे, कारण भातसा भरून वाहते तेव्हा कोणता रस्ता पाण्याखाली जातो ते उन्हाळ्यात कळत नाही. पिण्याचे पाणी, दवाखाना, उर्दू किंवा मराठी शाळा, जवळचे कब्रस्तान यांची चौकशी दलालाकडे नको. दुकानदाराला, रिक्षावाल्याला आणि तिथे राहणाऱ्या आगरी, कुणबी, आदिवासी शेजाऱ्यांना विचारावी. उद्या आपल्याला त्यांच्यातच राहायचे आहे.

कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत सूरह बकराची २८२ वी. तिचा विषय काय? उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे आणि साक्षीदार घेणे. लिहून मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे कोणी म्हटले तर त्याला ही आयत दाखवावी.

घरी आलो तेव्हा अब्बांनी विचारले, "बयाना दिला?"

"नाही अब्बा. कागद मागितले आहेत."

"ठीक केले," ते म्हणाले. "जिने आणखी थोडे दिवस चढेन मी."

दुसऱ्या दिवशी भाईंचा फोन आला. आम्ही फक्त सर्व्हे नंबर विचारला. पाठवतो म्हणाले. त्याला आता महिना झाला. खडवलीत आम्ही अजून घर शोधतो आहोत, इन्शाअल्लाह मिळेल. पण आता कुठेही गेलो की मशिदीचा कोपरा पाहण्याआधी आम्ही सर्व्हे नंबर विचारतो.