अडीच गुंठ्यांतली पानगळ

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे गेली आणि जुन्नरची आई माझ्यापासून तासभर लांब झाली. आदल्या दिवशीपर्यंत साडेचार तासांचं असलेलं अंतर साडेपाचांवर गेलं. बोस्टनला शिकणारी लेक मात्र तासभर जवळ आली. अमेरिकेत घड्याळं बदलतात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, त्यामुळे दर पानगळीत हा एक आठवडा असा मिळतो, की तिच्या-माझ्यात पाचाऐवजी चारच तास उरतात. आई रात्री नऊला अंथरुणावर पडते, म्हणजे तिला माझ्या दुपारी साडेतीनच्या आत गाठायचं. लेकीला तिच्या सकाळच्या तासाआधी, म्हणजे इथल्या बाराला. हा आठवडा मी राखून ठेवलेला असतो. बाकीची कामं पुढे ढकलते.

पासपोर्टनं मी अमेरिकन. बावीस वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये काढली, लेक तिथेच जन्मली, आणि चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीसाठी आम्ही शेफिल्डला आलो. इथे मी तोंड उघडलं की समोरचा विचारतो, अमेरिकेच्या का? मी हो म्हणते. ते खरंच आहे.

तिकडे या ऋतूला ‘फॉल’ म्हणतात, इकडे ‘ऑटम’. ‘फॉल’ हा अमेरिकन शब्द आहे असं इथे बऱ्याच जणांना वाटतं, पण तो गेला इथूनच. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये पानं गळण्याच्या दिवसांना असं म्हणत. वसाहत करायला निघालेल्यांबरोबर शब्द पलीकडे गेला, तिथे टिकला आणि इथे मागे पडला. मला तो पहिल्या दिवसापासून आपला वाटला. आपली ‘पानगळ’ म्हणजे दुसरं काय? फक्त आपली शिशिरात येते, आणि यांची कोजागिरीपासून कार्तिक संपेपर्यंत चालते.

मॅसॅच्युसेट्समधली पानगळ ही बघायला जायची गोष्ट होती. रंग कुठवर पोचला याचे नकाशे निघतात. शनिवारी पहाटे गाडी काढायची, उत्तरेला न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात कँकमॅगस रस्त्यावर जायचं, आणि वळणावळणाला लाल, शेंदरी, जांभळट डोंगर बघत राहायचं. तिथले मेपल असे पेटतात की पहिल्या वर्षी मी गाडीतून उतरले आणि मला रडू आलं. तो लाल रंग आधीपासून पानात नसतो. पिवळा असतो, हिरवा ओसरला की आपोआप दिसू लागतो. लाल मात्र झाडाला शेवटच्या दिवसांत नव्यानं करावा लागतो. त्यासाठी दिवसा लख्ख ऊन हवं, रात्री गारठा हवा पण गोठणं नको, म्हणजे पानातली साखर पानातच राहते आणि तिच्यापासून रंग तयार होतो. न्यू इंग्लंडच्या ऑक्टोबरात हे सगळं जुळून येतं.

शेफिल्डच्या पहिल्या ऑक्टोबरात मी रोज खिडकीतून वाट बघितली. बर्च पिवळे झाले, बीच तांबूस झाले, ओक तर नोव्हेंबर उजाडला तरी मळकट हिरवेच. लाल व्हायची जात मुळात इथे कमी आणि आभाळ दिवसेंदिवस भरलेलं. पानं पडायची ती ओल्या फरशीला चिकटून बसायची. आणि मग घड्याळं बदलली. बोस्टन ४२ अंश अक्षांशावर आहे, शेफिल्ड ५३ च्याही पुढे. डिसेंबरात बोस्टनला नऊ तासांचा दिवस मिळतो, इथे साडेसात तासांचा. चार वाजायच्या आत सूर्य बुडतो. तिकडे थंडी कितीतरी कडक, बर्फ गुडघाभर, पण वर निळं आभाळ. इथे समुद्राची ऊब असल्यानं थंडी मवाळ आणि ढग मुक्कामाला. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात ड जीवनसत्त्व होण्याइतका दम नसतो, म्हणून सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांनाच रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी सुचवते. गोळी घेतली, तरी पहिला हिवाळा जड गेला. शाळेतून साडेतीनला निघालेली लेक घरी यायची ती दिवेलागणीलाच. मी तेव्हा नवऱ्याला म्हटलंही होतं, परत जाऊ.

शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ राहतात. सगळी हयात पोलादाच्या कारखान्यात गेलेली. इथे त्यांना नातवाच्या वयाची पोरंसुद्धा नावानं हाक मारतात; माझ्या तोंडून ते निघत नाही. घरात आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो. पहिल्या महिन्यात ते फाटकापाशी भेटले की विचारायचे, ‘यू ऑल राइट, लव्ह?’ मॅसॅच्युसेट्समध्ये हा प्रश्न कुणी केला तर समजायचं, आपला चेहरा उतरलाय, काहीतरी बिनसलेलं दिसतंय. मी दचकून सांगायची, हो, ठीक आहे मी, का हो? बऱ्याच दिवसांनी उमगलं, की हे तर आपलं ‘काय, बरंय ना?’ आहे. बरंय म्हणायचं आणि पुढे जायचं. बावीस वर्षांच्या सवयीचा कान तिथे अडखळला होता; त्याच्या आधीच्या कानाला ते ओळखीचं होतं.

या आजोबांकडे कौन्सिलच्या अलॉटमेंटचा एक तुकडा आहे. लोकांची मागणी असेल तिथे भाजीपाला पिकवायला जमीन पुरवण्याची जबाबदारी १९०८ च्या कायद्यानं स्थानिक संस्थांवर टाकली. आजही शहरांच्या पोटात, रेल्वेरुळांच्या कडेला, चढावांवर या वाड्या आहेत. वर्षाचं भाडं भरायचं आणि पिकवायचं. जागा मिळवायची तर यादीत नाव घालून पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आणि मिळालेली पडीक ठेवली तर जाते. आजोबांचे गुडघे गेले, खणणं होईना. एका संध्याकाळी ते दारात आले आणि म्हणाले, ‘तू शेतकऱ्याची मुलगी ना?’

भाड्याच्या कागदावर क्षेत्र लिहिलं होतं, दहा रॉड. मला काही बोध होईना. आजोबांनी सांगितलं, रॉड म्हणजे साडेसोळा फुटांची काठी, आणि एकरात असे १६० चौरस रॉड. एकर म्हटल्यावर माझं डोकं आपसूक चालायला लागलं. एकराचे चाळीस गुंठे. दोन काठ्या लांब, दोन काठ्या रुंद म्हणजे ३३ बाय ३३ फूट, म्हणजे आपला गुंठाच की! चार रॉडांचा एक गुंठा, तर दहा रॉडांचे अडीच. बरोब्बर अडीच, मागे एक इंच शिल्लक राहत नाही. इंग्रजी अमदानीतल्या मोजणीनं आपला गुंठा एकराशी बांधला, त्याची दुसऱ्या टोकाची गाठ मला यॉर्कशरच्या चढावावर सापडली. आईला फोनवर ‘अडीच गुंठे’ म्हणून सांगितलं, तेव्हा तिला पहिल्यांदा मी कुठे राहते ते कळल्यासारखं झालं. अमेरिकेतलं आमचं अंगण याहून मोठं होतं, पण ते सगळं हिरवळीचं. त्याला गुंठे कधी लावावेसे वाटले नव्हते.

तिकडे पानं पडली की ती उचलून लावायची घाई असायची. पानं उडवायच्या यंत्रांचा घरघराट, मग दाताळ्यानं ओढून मोठ्या तपकिरी कागदी पिशव्या भरायच्या आणि रस्त्याच्या कडेला ठेवायच्या. गावाची गाडी घेऊन जायची. बघून झाल्यावर पानांचं काम संपलेलं असे. इथे आजोबांनी चार खुंट ठोकून जाळीचा एक पिंजरा केलाय. पडलेली पानं गोळा करून त्यात भरायची, कोरडी असली तर भिजवायची, पायानं दाबायची आणि विसरून जायचं. वर्ष लागतं, कधी दोन. आमच्या जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात पाला राबाला जातो. जाळला की एका दिवसात राख. इथे त्याला कुजायला सोडतात.

गेल्या आठवड्यात दोन वर्षांपूर्वीचा पिंजरा उघडला. वरची पानं अजून आखीव होती, शिरा न शिरा दिसत होती. वीतभर खाली नुसती जाळी उरलेली, बोट लागताच तुटणारी. आणि तळाशी काळं, भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखं मऊ. मुठीत दाबलं तर गोळा होतो, सोडलं तर सुटतो. कुजल्याचा वास अजिबात नाही. पावसानंतर रानात शिरल्यावर येतो तसा. त्यात बारीक लालसर गांडुळं. आपण पहिल्या वर्षी ज्यांच्यावर रुसलो होतो तसलीच ही मळकट पानं, हे माझ्या ध्यानात आलं आणि मी तिथेच गुडघ्यावर बसून राहिले.

अंधाराचंही तसंच झालं. मॅसॅच्युसेट्समध्ये सामान्य माणसाला फटाके विकत घ्यायची किंवा उडवायची परवानगीच नाही. त्या बंदीत फुलबाजीसुद्धा येते. लेकीनं चौदा वर्षांची होईपर्यंत हातात फुलबाजी धरली नव्हती. इथे दुकानं १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर फटाके विकू शकतात, आणि दिवाळी त्या मुदतीबाहेर पडली तरी तिच्याआधी तीन दिवसांची वेगळी मुभा आहे. एरवी रात्री अकरानंतर फटाके उडवायला मनाई, दिवाळीच्या रात्री एकपर्यंत चालतात. ब्रिटनच्या कायद्यात दिवाळीचं नाव लिहिलेलं आहे याचं मला फार अप्रूप वाटलं. त्या पहिल्या दिवाळीत परसात लेकीनं फुलबाजी पेटवली, हात लांब धरून, डोळे बारीक करून. दुसरी तिनं स्वतःहून पहिलीवरून पेटवली. ते कुणी शिकवावं लागत नाही.

मग येते ५ नोव्हेंबर. १६०५ साली पार्लमेंट उडवून द्यायचा कट फसला, तळघरात दारूच्या पिंपांपाशी पकडला गेला तो गाय फॉक्स याच यॉर्कशरचा. त्या रात्री गावोगाव होळ्या पेटतात. अलॉटमेंटवरची लाकडं आधीपासून रचलेली असतात, पण आजोबा त्या दिवशी सगळा ढीग उपसून दुसरीकडे रचायला लावतात, कारण हेजहॉग, तो काटेरी प्राणी, ढिगाखाली झोपायला शिरलेला असू शकतो. थकवणारं काम आहे, आणि ते टाळू नये. होळीपाशी पार्किन खातात. ओटचं पीठ, आलं आणि काळी काकवी घालून केलेला चिकट केक; दोन-चार दिवस डब्यात मुरला की जास्त छान लागतो. आई त्याला आल्याची वडीच म्हणते, आणि मी दुरुस्त करत नाही.

परवा लसूण लावला. जुन्नरला वडील कांद्याच्या वाफ्यांत पाटाच्या कडेनं लावायचे तो याच दिवसांत, दिवाळीच्या मागेपुढे. आजोबा म्हणाले, थंडी खाल्ल्याशिवाय गड्ड्याच्या पाकळ्या सुटत नाहीत, म्हणून हिवाळ्याआधीच जमिनीत जायला हवा. तीन वाजता आईला व्हिडिओ लावला आणि फोन आजोबांच्या हातात दिला. त्यांनी तो वाफ्यावर धरला. मी पिंजऱ्यातलं काळं खत पसरत होते, बोटानं भोक पाडून एकेक पाकळी ठेवत होते.

‘टोक वर ना?’ आई.

‘वरच आहे.’

‘निघणार कधी?’

‘जुलैत.’

‘आपला मार्चला घरात येतो.’ ती थोडा वेळ नुसती बघत राहिली. आजोबांचा हात जरा थरथरत होता, तरी त्यांनी फोन खाली केला नाही. ‘त्यांना म्हणावं, माती चांगली राखलीय.’

मी त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फोन अजून थोडा जवळ धरला.

‘आणि पाणी देऊ नकोस,’ आई म्हणाली. ‘ओल आहे. जाते मी आता झोपायला.’

साडेतीन वाजत आले होते. दोन ओळी उरल्या होत्या आणि तेवढ्यापुरता उजेड होता.