समृद्धीवरचे रॉकेटवीर

मागच्या महिन्यात घरातल्या एका साखरपुड्याला, जेवणाच्या पंगतीत, माझं आणि माझ्या मावसभावाचं चांगलंच वाजलं. निमित्त त्याचं व्हॉट्सॅप स्टेटस. समृद्धी महामार्ग, रात्रीची वेळ, काटा १८७ वर आणि खाली ओळ, 'न्यू रेकॉर्ड'. मी म्हटलं, लेका, याला रेकॉर्ड नाही, माज म्हणतात. तो फटकन म्हणाला, "दादा, तू रात्र रात्र जागून त्या रॉकेट कारचे व्हिडिओ बघतोस ते सायन्स, आणि आम्ही केलं की माज?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण उत्तर सुचलं नाही. (माझं नेहमीचंच. उत्तर सुचतं ते घरी येऊन गाडी लावताना. :) ) म्हणून हा शनिवारचा लेख. मंडळी, प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरात सावंगीला किंवा माळीवाड्याला समृद्धीवर चढायचं आणि काटा किती चढतो ते बघायचं, हा खेळ सध्या बऱ्याच जणांचा आहे. त्यात हापिसातले टाय लावणारेही आले.

आधी कबुली. रॉकेट कारचं मला वेड आहे. मेकॅनिकलची डिग्री आणि आयटीची नोकरी, त्यामुळे अपुरी राहिलेली हौस म्हणा. २३ मे १९२८ ला फ्रित्झ फॉन ओपेलने बर्लिनच्या आव्हुस ट्रॅकवर २४ रॉकेटं बांधलेली गाडी ताशी २३८ किमीने पळवली. २३ ऑक्टोबर १९७० ला अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर गॅरी गॅबेलिचने 'ब्लू फ्लेम' नावाची रॉकेट कार हाणली आणि जमिनीवर ताशी १००० किमीचा आकडा पहिल्यांदा ओलांडला. इंधन काय, तर द्रवरूप नैसर्गिक वायू, आणि तो जाळायला लागणारा ऑक्सिजन हायड्रोजन पेरॉक्साइडमधून. इंजिन चाकं फिरवतच नाही. मागे वायूचा झोत, पुढे गाडी, चाकं नुसती सोबतीला. हे वाचून ज्याच्या अंगावर काटा येत नाही त्याने इंजिनिअरिंगला का जावं?

आता मुद्दा. या लोकांनी नेमकं काय केलं, आणि आपण नेमकं काय करतो?

पहिली गोष्ट मोजणीची. जागतिक विक्रमाचा नियम असा की ठरलेलं अंतर तासाभराच्या आत दोन्ही दिशांनी कापायचं आणि सरासरी धरायची. वारा आणि उतार यांची फुकटची मदत त्यात वजा होते. १९७९ मध्ये 'बडवायझर रॉकेट' नावाच्या गाडीने ध्वनीचा वेग ओलांडल्याचा दावा केला. पण ती एकाच दिशेने पळाली होती, म्हणून अधिकृत विक्रम नाही. जाहिरात झाली, नोंद झाली नाही. आणि आमचे वीर? उतार असो, वारा पाठीशी असो, क्षणभर काटा टेकला की झाला रेकॉर्ड. त्यात स्पीडोमीटर मुळातच खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवेल असा बनवलेला असतो, कमी दाखवलेला नियमात चालत नाही. म्हणजे भाऊराया, तुझे १८७ हे १८७ सुद्धा नाहीत.

दुसरी गोष्ट रस्त्याची. ब्रिटनच्या 'ब्लडहाउंड' गाडीसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या हॅकस्कीन पॅन या वाळवंटात धावपट्टी तयार केली. तिथल्या तीनशेहून अधिक स्थानिक माणसांनी सुमारे १६,५०० टन दगड हाताने वेचले. हाताने! कारण त्या वेगाला एक खडा पुरतो. २०१९ च्या नोव्हेंबरात गाडी तिथे ताशी १०१० किमीपर्यंत गेली, पुढे पैसे आटले, आणि आता ती कॉव्हेंट्रीच्या संग्रहालयात उभी आहे. अँडी ग्रीनने १५ ऑक्टोबर १९९७ ला अमेरिकेच्या ब्लॅक रॉक वाळवंटात 'थ्रस्ट एसएससी' मधून केलेला ताशी १२२८ किमीचा विक्रम (ती रॉकेटवर नाही, दोन जेट इंजिनांवर पळाली) आजही अबाधित आहे. इतक्या वर्षांत कुणाला घाई झाली म्हणून कुणी हायवेवर गाडी घातली नाही. वेगाचा विक्रम हे जगातलं सगळ्यात सावकाश चालणारं काम आहे.

आणि आपला रस्ता? ७०१ किमीचा समृद्धी डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने उघडला, शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये. त्यावर ट्रक आहेत, टेम्पो ट्रॅव्हलर आहेत, पंक्चर होऊन कडेला उभे राहिलेले लोक आहेत. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसं गेली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ देवदर्शनाहून परतणारी गाडी ट्रकवर आदळून १२ गेली. प्रत्येक वेळी कारण वेगच होतं असं मी म्हणत नाही. म्हणतोय एवढंच, की ही धावपट्टी रिकामी नाही.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, रस्ता १५० साठी डिझाइन केलाय!" हो, केलाय. म्हणजे वळणं किती मोठी, चढ-उतार कसे, पुढचं किती दिसतं, हे त्या हिशोबाने ठेवलंय. तुमचे टायर, तुमचे ब्रेक आणि तुमची झोप यांचं डिझाइन त्या रस्त्याने केलेलं नाही. गाड्यांना मर्यादा १२० ची आहे ती म्हणूनच. टायरच्या कडेला एक इंग्रजी अक्षर असतं, कधी वाचलंय? 'एस' म्हणजे १८०, 'टी' म्हणजे १९०. तेही हवा बरोबर असेल आणि टायर धड असेल तर.

आणि साधं गणित करा. दीड सेकंद भानावर यायला, मग कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक. १२० ला गाडी थांबायला साधारण १३० मीटर लागतात, १८० ला साधारण २५५. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. हाय बीमचा उजेड पडतो शे-दीडशे मीटर. म्हणजे १८० ला तुम्हाला जे दिसतं, त्याच्यावर तुम्ही आदळणारच. आणि मिळतं काय? वीस किलोमीटर १२० ऐवजी १८० ने गेलात तर वाचतात ३ मिनिटं २० सेकंद. पुढच्या फूड मॉलला चहाच्या रांगेत जातात तेवढी.

कॉलेजात असताना आमची टीम 'बाहा'ला पीथमपूरला गेली होती. आम्ही वर्षभर खपून बनवलेली गाडी पहिल्यांदा ब्रेक टेस्टला नापास झाली, कारण चारही चाकं एकदम लॉक झाली नाहीत. जोवर होत नाहीत तोवर ट्रॅकवर पाऊल नाही. तेव्हा आम्ही परीक्षकांना मनसोक्त शिव्या दिल्या. आज वाटतं, वर्षभरात शिकलेली सगळ्यात कामाची गोष्ट तीच होती. आधी थांबून दाखव, मग पळ.

आता जे पंगतीत सांगितलं नाही ते सांगतो. त्या स्टेटसमधला मोबाईल माझ्या हातात होता. नागपूरच्या लग्नाहून आम्ही परत येत होतो, जालना मागे पडलं होतं. तो म्हणाला, "दादा, घे ना शूट." आणि मी घेतलं. 'हळू' म्हणालो नाही. उलट काटा १८० च्या पुढे गेला तेव्हा "आयला!" हा जो आवाज येतो, तो माझा आहे. मागच्या सीटवर मावशी काचेला डोकं टेकून झोपली होती. तिला आजही माहीत नाही.

तर त्याच्या प्रश्नाचं उत्तर हे. अँडी ग्रीनच्या गाडीत अँडी ग्रीन एकटा होता. जीव त्याचा, धोका त्याला ठाऊक, होकार त्याचा. आपल्या गाडीत मावशी होती, आणि समोरच्या ट्रकमध्ये कुणीतरी होतं. त्यांना आपण दोघांनीही विचारलं नव्हतं. सायन्स आणि माज यांत फरक आहे तो एवढाच, बाकी सगळं तपशिलात.

वेगाची हौस असू द्या. वाळूज-शेंद्र्याच्या गावाला ती नसेल तर कुणाला असेल? पण ती बंद ट्रॅकवर भागवा, गाडी बनवून भागवा, नाहीतर माझ्यासारखे व्हिडिओ बघून भागवा. आणि असलं स्टेटस दिसलं की अंगठा दाखवू नका, सरळ फोन करा. शूट करणाऱ्यालाही करा. मी केलाय. मावसभावाने स्टेटस काढलं नाही, पण तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चालेल. न बोलणारा भाऊ मला चालतो.

मावशीला मात्र अजून सांगायचंय. उद्या रविवार आहे.