चाल लोकांची, मोबदला कुणाचा?

पारोळ्यात निवडणूक लागली की प्रचाराची रिक्षा आधी ऐकू येते, चिन्ह नंतर दिसते. भोंग्यावर चाल असते एखाद्या गाजलेल्या अहिराणी गाण्याची. नायिकेच्या जागी उमेदवाराचे नाव बसवलेले असते आणि कडव्याच्या शेवटी चिन्ह. गाणे बांधणाऱ्याला कुणी विचारले का, हा प्रश्न टपरीवर सहसा निघत नाही. तो निघायला हवा. पण ‘न विचारता कुणी काहीच वापरू नये’ असे त्याचे सरसकट उत्तर मला पटत नाही.

कारण खान्देशात चाल उसनी घेणे हा गुन्हा कधीच नव्हता. आखाजीला झोक्यावर म्हणायची गाणी, कानबाईची गाणी, हळदीची गाणी गावोगाव फिरली ती शब्द बदलतच. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्यांनी जे रचले ते मुलगा सोपानदेव यांच्यामुळे कागदावर आले, आणि १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने छापले गेले. ओवीचा ठेका साऱ्या बायाबापड्यांचा होता, शब्द मात्र बहिणाबाईंचे. मरणोत्तर प्रकाशित साहित्याला कायदा प्रकाशनानंतर साठ वर्षांचे संरक्षण देतो. त्या हिशेबाने २०१२ अखेर त्या कविता सर्वांसाठी खुल्या झाल्या. कवयित्रीचे नाव वगळून त्या छापाव्यात, असे मात्र आजही कुणी म्हणणार नाही.

आताचे गाणे ओवीसारखे निनावी नाही. ‘केसावर फुगे’ किंवा ‘झुमकावाली पोर’ ही गाणी यूट्यूबवरून महाराष्ट्रभर वाजली. त्यांच्यामागे गीतकार, संगीतकार, गायक, नाचणारी पोरे, कॅमेरावाले अशी माणसे आहेत आणि बऱ्याच जणांचे पोट त्यावर आहे. लग्नाच्या वरातीत बँडने ते गाणे वाजवले तर १९५७ चा कॉपीराइट कायदाच सूट देतो. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये लग्नातल्या या सवलतीची पुन्हा आठवणही करून दिली. ही सूट रास्त आहे, वऱ्हाड्यांच्या नाचावर हिशेब लावू नये. उमेदवाराची प्रचारफेरी म्हणजे मात्र वरात नव्हे.

मोठ्या पक्षांना हे ठाऊक आहे. २००९ च्या लोकसभेसाठी काँग्रेसने ‘जय हो’चे हक्क रीतसर विकत घेतले होते. त्याच पक्षाच्या भारत जोडो यात्रेच्या चित्रफितीत ‘केजीएफ २’चे संगीत वापरल्याची तक्रार एका संगीत कंपनीने केली, तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये बंगळुरूच्या न्यायालयाने पक्षाची ट्विटर खाती रोखण्याचा आदेश दिला; उच्च न्यायालयाने तो अटींवर रद्द केला. कंपनीकडे वकील होते म्हणून एवढे तरी झाले. अहिराणी गाणाऱ्या पोराने आपल्याच तालुक्यातल्या उमेदवाराला नोटीस कशी पाठवावी? उद्या त्याला याच गावात लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायच्या असतात. आणि त्याचे खरे नुकसान पैशापेक्षा मोठे आहे. त्याचे गाणे सगळ्या पक्षांच्या घरांत वाजत होते, ते एका झेंड्याला चिकटते. ‘माझे गाणे प्रचाराला देणार नाही’ असे म्हणण्याची सोय त्याला असलीच पाहिजे.

इथवर मी हक्काच्या बाजूने आहे. पण मार्च २०२५ मध्ये याच हक्काची दुसरी बाजू दिसली. विनोदी कलाकार कुणाल कामराने एका चित्रफितीत हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबन म्हटले, त्यावरून शिवसैनिकांनी तिचे चित्रीकरण झालेला खारचा स्टुडिओ फोडला, आणि जळगाव-नाशिककडच्या तक्रारींवरूनही मुंबईत गुन्हे नोंदले गेले. आपल्या भागात ही बातमी परकी नव्हती. २०२२ च्या बंडात जळगाव जिल्ह्यातले शिवसेनेचे आमदार शिंदे यांच्यासोबत गेले होते, पारोळ्याचेही. रिक्षा चालवून वर आलेल्या नेत्याच्या त्या कष्टाचीच टर उडवली, हा इथल्या अनेकांचा राग खरा होता. तो बोलून दाखवण्याचा, उलट गाणे रचण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. खुर्च्या फोडण्याचा नव्हता. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कामराला अटकेपासून संरक्षण दिले.

त्याच चित्रफितीतल्या दुसऱ्या एका विडंबनावर टी-सीरिजने कॉपीराइटचा दावा लावला. हा दावा राजकीय होता असे म्हणायला आधार नाही, चालीचे हक्क कंपनीकडे आहेत. तरी परिणाम असा झाला की टीकेचे गाणे धोक्यात आले. आपल्या कायद्यात विडंबनाला नाव घेऊन सूट नाही. टीका आणि समीक्षेसाठी ‘न्याय्य वापर’ आहे. तोप्पिल भासींच्या नाटकाला उत्तर म्हणून सिविक चंद्रन यांनी रचलेले प्रतिनाटक केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये याच तरतुदीखाली ग्राह्य धरले. पण ते न्यायालयात लढावे लागले. यूट्यूबवर नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक बसले की चॅनेलच बंद होऊ शकते. गंमत करणाऱ्याला त्याची धास्ती असते, आणि गाणे चोरीला गेलेल्या अहिराणी कलाकाराच्या हातात तेवढे एकच हत्यार असते. ते हत्यार काढून घ्या असे म्हणणे मला जमत नाही.

मग रेघ कुठे ओढावी? माझ्या मते सत्तेवर टीका करायला चाल उसनी घेतली तर ती मोकळी असावी, मग तो नेता आपला लाडका असो वा नावडता. स्वतःची स्तुती करून मते मागायला घेतली तर परवानगी हवी आणि मोबदलाही. ही रेघ दर वेळी स्वच्छ पडणार नाही. विरोधकाची टवाळी करता करता आपले चिन्ह पुढे करणारी गाणीही असतातच. अशा गाण्यात कल कलाकाराच्या बाजूने असावा, कारण पक्षाकडे पैसा असतो.

कलाकारांनाही एक सांगणे आहे. तोंडी व्यवहाराने हक्क जात नाहीत, कायद्याला लेखी करार लागतो आणि करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. सिनेमात किंवा ध्वनिमुद्रणात गेलेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा २०१२ च्या दुरुस्तीनंतर कंपनीला लिहून घेता येत नाही. सही करण्याआधी हे कुणाकडून तरी वाचून घ्यावे.

आणि प्रशासनाला एक सूचना. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांपर्यंत खर्च करता येतो. मांडव, भोंगा, वाहने, चहा-नाश्ता यांचे दर जिल्हा निवडणूक कार्यालय ठरवते आणि उमेदवार त्याचा हिशेब देतो. त्याच तक्त्यात प्रचारगीताच्या परवानगीची एक ओळ घालावी, आणि सोबत जोडायच्या पावतीवर गीतकाराची सही मागावी.