अटकेनंतरची कथा

रहस्यकथेविषयीची आपली समीक्षा बहुधा बाबूराव अर्नाळकरांच्या हजारांवर पुस्तकांचा आकडा सांगून थांबते. त्या कथांतील आरोपीचे पुढे काय होते, हा प्रश्न तिला पडलेला नाही. धनंजयाने गुन्हेगार ओळखला की कथा संपते. ज्याच्यापाशी वकिलाला देण्यास पैसे नाहीत, त्याची कथा तेथूनच सुरू होते.

या दृष्टीने अर्ल स्टॅनले गार्डनर (१८८९-१९७०) याच्याकडे पाहावे. १९११ साली सनद मिळाल्यावर त्याने कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड येथे गरीब चिनी स्थलांतरितांचे खटले चालविले. पेरी मेसनची पहिली कादंबरी १९३३ची. १९४८ साली ‘आर्गसी’ मासिकातून त्याने अन्यायाने शिक्षा झालेल्यांच्या प्रकरणांची फेरतपासणी आरंभिली. हे कार्य थोरच. परंतु कादंबरीकार म्हणून त्याने एक सोय करून घेतली. मेसनचा अशील बहुधा निर्दोष असतो. विधिसाह्याच्या वकिलास ही सोय नसते. अशील दोषी असला तरी त्याचा हक्क उरतोच, आणि नेमके हेच नाट्य रहस्यकथेने टाळले आहे.

‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (१९७८) हे प्रकरण पाहा. आरोपी विद्यापीठातील प्रपाठक. आरोप बनावट पदव्यांचा. (आपल्या क्षेत्राला हे कथानक परके वाटू नये!) उच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही, असे कैद्याचे म्हणणे. आणि प्रत पोहोचल्याची त्याची स्वाक्षरी कारागृहाच्या दप्तरी नव्हती. सर्वोच्च न्यायालयात येण्यास चार वर्षांहून अधिक विलंब झाला. न्या. कृष्णा अय्यर यांनी अर्ज फेटाळला. मात्र त्याच निकालात कैद्याला निकालाची प्रत आणि गरजूस मोफत वकील मिळणे हा अनुच्छेद २१चा भाग ठरविला. म्हणजे अशील हरला आणि हक्क सिद्ध झाला. येथे रहस्य खुन्याचे नाही, एका कागदाच्या प्रवासाचे आहे.

विधिसेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आल्यावर तालुका न्यायालयांपर्यंत असे वकील उभे राहू लागले. त्यांच्यातून रहस्यकथाकार का निपजू नये? अशिलाने विश्वासाने सांगितलेले उघड करण्यास कायद्याचाच प्रतिबंध आहे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि होसकोट प्रकरणातील एकही तपशील गुप्त नाही. तो छापील निकालपत्रात कोणासही वाचता येतो.